एकशे अठ्ठावीस निर्दोष कान

कापडाच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे वैद्य म्हणत. खरे ते जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. पण त्यांची रीतच वेगळी. हत्यारांची पेटी आधी उघडायचीच नाही. लांब दांड्याचा एक स्क्रू ड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक चालू मागाच्या अंगावर टेकवायचं, लाकडी मूठ डाव्या कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. मिनिटभर तसं उभं राहिलं की निदान तयार. डाव्या बाजूचं बेअरिंग, अजून चार दिवस चालेल. आणि चार दिवस म्हणजे चारच दिवस. एकदा एक बेअरिंग पाचव्या दिवशीही चालू राहिलं, तर वैद्य दिवसभर घुश्शात होते.

हे निदान ते बोटांनी सांगत, कारण शेडमध्ये तोंडाचा उपयोग फक्त जेवायला होता. एका पत्र्याखाली ऐंशी माग, आणि प्रत्येक मागावर लाकडी धोटा मिनिटाला दीडशे वेळा या टोकाकडून त्या टोकाला जाऊन आपटणार. तिथे माणसाचा आवाज ओठांच्या बाहेर पडला की तिथेच मरायचा. म्हणून शेडने आपली हातांची भाषा करून घेतली होती. तळहातावर दोन बोटं फिरवली की धागा तुटला. कानाची पाळी ओढली की साहेब येताहेत. पोटावर थाप मारली की जेवणाची सुट्टी. आणि अंगठा हवेत खाली दाबला की बटण दाब, माग सुरू कर. या भाषेत शेडमधल्या चौसष्ट जणांनी वर्षानुवर्षं भांडणं केली, सोयरिकी जमवल्या, साहेबांची टिंगल साहेबांच्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर उभं राहून केली. साहेबांना कधी पत्ता लागला नाही.

वैद्यांची बायको शाळेच्या वाचनालयात होती. म्हणजे नवरा दिवसभर कानठळ्या बसवणाऱ्या जागेत आणि बायको दिवसभर लोकांना ‘हळू बोला’ म्हणणारी. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तो घरात ओरडून बोलायचा आणि ती दारं-खिडक्या लावत फिरायची. मग एके दिवशी तिनेच हातांची भाषा शिकून घेतली आणि घर शांत झालं. पाहुण्यांसमोर त्यांची कडाक्याची भांडणं व्हायची आणि पाहुण्यांना वाटायचं, दोघं डास मारताहेत.

असं सगळं बरं चाललं असताना एका दुपारी वैद्य शेडच्या टोकाला असलेल्या हवेच्या टाकीचं दुखणं ऐकायला गेले. स्क्रू ड्रायव्हर टाकीला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. तेवढ्यात टाकीवरचा व्हॉल्व्ह उडाला. आवाज असा झाला की ऐंशी मागांच्या गदारोळातही बाकीच्या त्रेसष्ट माना एकदम वळल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं कारखान्याच्या अहवालात लिहिलं गेलं आणि ते खरंच होतं. वैद्य फक्त खाली बसले होते आणि त्यांना वाटत होतं की कुणीतरी आपल्या डाव्या कानात उशी कोंबली आहे.

तीन दिवसांनी उशी निघाली आणि तिच्या जागी शिट्टी आली. बारीक, सरळ, दूर कुठे तरी किटली गॅसवर विसरल्यासारखी. वैद्यांनी त्यावर ताबडतोब निदान केलं, सतरा नंबरचा माग.

निदानाला कारणही होतं. त्या दिवशी सकाळी माग सुरू व्हायच्या आधी ते सतरा नंबरजवळ उभे होते आणि शिट्टी तिथेच ऐकू आली. त्यांनी माग उघडला. बेअरिंगं काढली, पुसली, वंगण घातलं, पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी होतीच. त्यांनी बेअरिंगं बदलली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो माग शेवटच्या बोल्टापर्यंत सोडवून जमिनीवर पसरला, आणि सतरा नंबरचे सगळे अवयव जमिनीवर पडलेले असतानाही शिट्टी वाजतच होती. तेव्हा त्यांनी शांतपणे सगळं गोळा केलं आणि अठरा नंबरकडे संशयाने पाहिलं.

घरी तीच गत. पहिल्या संध्याकाळी फ्रिज उघडा पडला. दुसऱ्या संध्याकाळी मिक्सर. तिसऱ्या संध्याकाळी ते वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे गेले आणि त्याचा चांगला चालणारा पाण्याचा पंप दुरुस्त करून देतो म्हणाले. शेजारी भला माणूस, तो हो म्हणाला. पंप नंतर आठवडाभर चालला नाही.

चौथ्या संध्याकाळी बायकोने पुस्तक मिटलं, उठली आणि घराचा मेन स्विच पाडला. मग वैद्यांच्या समोर खुर्ची घेऊन बसली.

“आता ऐकू येतंय?”

“येतंय.”

“फ्रिज बंद, पंखा बंद, वरच्यांचा पंप तर तुम्ही कायमचाच बंद केलाय. आता या घरात एकच यंत्र चालू आहे. ते माझ्यासमोर बसलंय.”

वैद्यांनी हळूच डाव्या कानात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. शिट्टी बोटाच्या आत होती. चाळीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांचं निदान साफ चुकलं होतं, आणि तेही स्वतःच्या अंगातलं.

कानाचे डॉक्टर तरुण आणि सरळ बोलणारे होते. त्यांनी कानात पाहिलं, दोन-चार तपासण्या केल्या आणि सांगितलं, “कानाच्या आत अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या आवाज पकडतात. मोठ्या आवाजाने त्या मोडतात. तुमच्या शेडने बऱ्याच आधीच मोडल्या होत्या, टाकीने उरलेलं काम केलं. मोडल्या की पुन्हा येत नाहीत. ही शिट्टी बाहेर कुठेच नाही, ती तुमचा मेंदू वाजवतो.”

“बंद कुठून होते?” वैद्यांनी विचारलं.

“बंद करायचं बटण नाही.”

“बटण नसलेलं यंत्र मी पाहिलेलं नाही.”

“आता पाहिलंत,” डॉक्टर म्हणाले. “सवय होईल. बऱ्याच जणांना होते. मोठ्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. पण अगदी शांततेतही बसू नका. शांततेत शिट्टी जास्त टोचते. जवळ एखादा हलका, एकसारखा आवाज असू द्या.”

वैद्यांनी यातलं सोयीचं तेवढं घेतलं. मोठ्या आवाजापासून लांब म्हणजे शेड सोडायची. आणि शेडमध्येच तर शिट्टी ऐकू येत नव्हती. माग सुरू झाले की ती बुडून जायची आणि वैद्य पुन्हा पहिल्यासारखे होऊन जायचे. ज्या आवाजाने दुखणं दिलं, तोच आवाज दिवसाचे आठ तास औषध झाला होता. हे काही खरं नव्हे, एवढं त्यांनाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि स्टोअरमध्ये बसणं वेगळं.

स्टोअर म्हणजे कारखान्याच्या मागची खोली. भिंतीभर सुट्या भागांचे कप्पे, एक टेबल, एक खुर्ची आणि शुकशुकाट. तिथला स्टोअरकीपर निवृत्त व्हायला आला होता आणि साहेब त्याच्या जागी माणूस शोधत होते. जो कानाच्या तपासणीत नापास होईल तो स्टोअरमध्ये, असा नियम होता. त्या खोलीत दिवसभर ती शिट्टी आणि आपण, दोघंच बसलो आहोत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की वैद्यांना जेवण जात नसे.

अर्थात तपासणीची काळजी करायचं तसं कारण नव्हतं. तपासणीचा बंदोबस्त खुद्द वैद्यांनीच पाच वर्षांपूर्वी करून ठेवला होता.

वर्षातून एकदा तपासणीची गाडी यायची. गाडीत काचेच्या खिडकीची एक बंद कपाट-खोली. माणसाने आत बसून हेडफोन लावायचा आणि बारीक आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर तपासणारी बाई गाडीच्या उघड्या दाराकडे पाठ करून यंत्रापुढे बसायची. तिने आवाज सोडला की यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. पाच वर्षांपूर्वी शेडमधला एक म्हातारा विणकर नापास होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याला निवृत्तीला सहा महिने उरले होते. तेव्हा वैद्य गाडीच्या दारात उभे राहिले. हिरवा दिवा लागला की त्यांनी अंगठा खाली दाबायचा. काचेतून म्हाताऱ्याने ते बघायचं आणि बटण दाबायचं. माग सुरू कर, ही तर शेडमध्ये पहिल्या दिवशी शिकायची खूण. म्हातारा असा पास झाला की बाई म्हणाली, या वयात असे कान तिने पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून रिवाजच पडला. रांगेतल्या मागच्याने आतल्याला सांभाळायचं. पाच वर्षं चौसष्टच्या चौसष्ट पास. साहेब एवढे खूश झाले की त्यांनी प्रशस्तिपत्रक छापून घेतलं आणि चौकटीत घालून आपल्या खुर्चीमागे लावलं. ‘एकशे अठ्ठावीस कान, शंभर टक्के निर्दोष.’

तपासणीला आठ दिवस उरले असताना वैद्यांची भाची जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी डबा उघडून बसली. बहिणीची मुलगी, तिशीची, दोन लेकरांची आई. वैद्यांनीच शब्द टाकून तिला शेडमध्ये लावलं होतं. चार वर्षांत तिचा हात असा बसला होता की आता एकटी सहा माग सांभाळायची.

“मामा, तुला एक विचारू? घरी गेल्यावर कानात रातकिडे किरकिरतात, ते सगळ्यांनाच होतं का?”

वैद्यांचा घास हातातच राहिला. “कधीपासून?”

“झालं असेल वर्ष. आधी रात्रीपर्यंत थांबायचं. आता सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत चालतं. धाकटी हळू बोलली तर मला पुन्हा विचारावं लागतं. परवा ती रुसली, म्हणाली आईला माझं ऐकायचंच नसतं.” ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “साहेबांकडे गेले होते मी. म्हटलं, कानावर घालायचे ते जाड मफ द्या सगळ्यांना. तर त्यांनी पाठीमागची चौकट दाखवली. म्हणाले, बाई, इथे एकशे अठ्ठावीस कान निर्दोष आहेत. खर्च कशासाठी मागू वरून?”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? त्या एकशे अठ्ठाविसातले दोन माझेच.”

वैद्यांनी डबा बंद केला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, आणि राग काढायला समोर कुणीच नव्हतं. अंगठा त्यांचाच होता. एका म्हाताऱ्याचे सहा महिने वाचवायला केलेली युक्ती आता या पोरीचे कान खात होती. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला हातांनी सगळं सांगितलं, कारण तोंडाने सांगवेना. बायकोने ऐकून, म्हणजे बघून घेतलं आणि तोंडाने म्हणाली, “स्टोअरमध्येसुद्धा माणसंच बसतात हो. मी तीस वर्षं त्याहून शांत खोलीत बसलेय. वेड लागलं नाही मला.”

“तुझ्या कानात शिट्टी नाही.”

“नाही. पण घरी तुम्ही होतात.”

तपासणीच्या दिवशी रांगेत वैद्य पहिले होते आणि त्यांच्यामागे भाची. म्हणजे मामाला सांभाळायचं काम तिच्याकडे. वैद्य आत बसले, हेडफोन लावला, दार बंद झालं. आणि मग त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि काचेकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले.

बाहेर हिरवा दिवा लागला. भाचीने अंगठा दाबला. मामाची पाठ. पुन्हा दिवा, पुन्हा अंगठा. पाठ. तिने दोन्ही अंगठे दाबले. मागच्याने तिला ढकलून आपले दोन दाबले. थोड्या वेळाने गाडीच्या दारात आठ-दहा जण एकमेकांच्या खांद्यांवरून अंगठे नाचवत होते आणि आत वैद्य ढिम्म बसले होते. पाठीमागे वारा का सुटलाय ते बघायला तपासणाऱ्या बाईने मान वळवली. एकाच क्षणी सगळे अंगठे खिशात गेले.

ती उठून कपाटाचं दार उघडून म्हणाली, “काका, ऐकू येत नाही का काही?”

“शिट्टी येते ना,” वैद्य म्हणाले. “पण तुमची कुठली आणि माझी कुठली, ते कळत नाही. म्हणून बटण दाबत नाही. खोटी साक्ष नको.”

ते बाहेर आले आणि पायरीवर उभे राहिले. रांगेतल्या त्रेसष्ट जणांकडे बघून त्यांनी एक खूण केली. दोन्ही हात वर आणि मग सावकाश खाली. माग बंद करा. शेडमध्ये ही खूण अपघात झाल्याशिवाय कुणी करत नाही. त्यांच्यानंतर भाची आत गेली. तिने खुर्ची फिरवली नाही, पण डोळे गच्च मिटून घेतले. तिच्या मागच्याचे हात खिशातच राहिले, आणि त्याच्या मागच्याचेही.

दुपारपर्यंत चाळीस जण नापास झाले. शेडच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. साहेब धावत गाडीपाशी आले, आकडे पाहिले आणि त्यांनी तिथल्या तिथे निर्णय घेतला.

“मशीन बिघडलंय. एका वर्षात चाळीस माणसं बहिरी होत नसतात. वैद्यांना बोलवा, ते सांगतील.”

वैद्य आले. सगळी शेड त्यांच्यामागे आली. त्यांनी खिशातून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक तपासणीच्या यंत्रावर टेकवलं, मूठ डाव्या कानाशी धरली आणि डोळे मिटले. बाईने काही बोलायला तोंड उघडलं, पण साहेबांनी तिला हाताने गप्प केलं. निदान चालू असताना कुणी बोलायचं नसतं, हे साहेबांनाही माहीत होतं.

पूर्ण मिनिटभर वैद्य तसेच उभे राहिले. त्यांना अर्थातच आपल्या शिट्टीखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं.

“मशीन ठणठणीत आहे साहेब,” ते डोळे उघडून म्हणाले. “बिघाड तुमच्या भिंतीवर आहे. ती चौकट खाली उतरवा.”

आणि मग त्यांनी पाच वर्षांची हकीकत सांगितली. अंगठा कसा दाबायचा तेही करून दाखवलं. साहेब आधी लाल झाले, मग पांढरे, मग खाली बसले. बाई मात्र ओठ चावून हसू दाबत होती. तिने कागदावर सगळं लिहून घेतलं, दर वर्षी दारात गर्दी का असते हे कोडं एकदाचं सुटलं असं म्हणाली आणि सही करून तो कागद थेट वरच्या ऑफिसला पाठवला. चाळीस माणसं एका स्टोअरमध्ये मावत नाहीत, हे वरच्यांनाही लगेच समजलं. महिन्याभरात चौसष्ट मफ आले. हवेची टाकी भिंतीपलीकडे गेली. निम्म्या शेडला दर दोन तासांनी बाहेर बसायची सुट्टी मिळाली. वैद्यांना मात्र, कान पाहून आणि पराक्रम पाहून, स्टोअर मिळालं.

पहिला दिवस वाईटच गेला. खोलीत शिरल्या शिरल्या शिट्टी समोर येऊन बसली. वैद्यांनी बोल्ट मोजले, कप्पे पुसले, स्वतःशी बोलून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. दुपारी उकडायला लागलं म्हणून त्यांनी भिंतीवरचा पंखा लावला. जुना, लोखंडी पंखा. तो सुरू झाला आणि खोलीभर खड-खड-खर्र असा आवाज भरला. वैद्य सवयीने उठले, स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आणि मध्येच थांबले. शिट्टी मागे सरली होती. गेली नव्हती, पण खुर्ची सोडून पार कोपऱ्यात जाऊन उभी राहिली होती. वैद्य परत खुर्चीत बसले आणि त्या दिवशी त्यांनी डबा पूर्ण संपवला.

पंधरा दिवसांनी भाची सुटे भाग न्यायला आली. मफ गळ्यात अडकवलेले. तिचे रातकिडे आता सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीच झोपतात, असं तिने येता येताच सांगितलं. धाकटी काल कानात काहीतरी गुपित सांगून गेली, तेही सगळं कळलं. मग तिने वर पाहिलं.

“मामा, या पंख्याचं बेअरिंग पार गेलंय. नव्या जॉबरला पाठवू का?”

“पाठवू नकोस.”

“अरे, केवढा खडखडतोय. तुला ऐकू येत नाही का?”

“चांगलं ऐकू येतं,” वैद्य म्हणाले आणि तिच्या हातात तिचे भाग ठेवले.

ती गेल्यावर त्यांनी स्टोअरची तक्रारवही उघडली, कारण नवा जॉबर कष्टाळू होता आणि न सांगताही यायचा धोका होता. चाळीस वर्षांत एकही खडखडणारं यंत्र तसंच न सोडलेल्या माणसाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘स्टोअरचा पंखा. दुरुस्त करू नये.’ आणि खाली सही केली.